नववी-दहावीच्या मुलांना कंप्यूटरवर आधी काय शिकवावं? (इंदूर)

कान्हकाठ | रविवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी मालवा मिल भागात राहतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या मागच्या बाजूला वस्ती आहे, तिथली सरकारी शाळेत जाणारी 22 मुलं दर रविवारी दुपारी गणेश मंडळाच्या हॉलमध्ये माझ्याकडे येतात. 13 मुली, 9 मुलगे, सगळी नववी-दहावीची. कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचा बाप ई-रिक्षा चालवतो. एका ओळखीच्या ऑफिसने काढून टाकलेले सहा कंप्यूटर मिळालेत. चार चालतात, एक मनात आलं तर चालतो आणि एकाचा पडदा हिरवा दिसतो.

मला वाटलं होतं, पोरं मशीनला बिचकतील. झालं भलतंच. पहिल्याच दिवशी एका मुलीने मॉनिटरवर बोट फिरवायला सुरुवात केली. काही हलेना, तेव्हा मला म्हणाली, "काका, इसका टच खराब है." दुसऱ्याने मोठं अक्षर काढायला कॅप्स लॉक दाबला, अक्षर काढलं, परत कॅप्स लॉक दाबला. पूर्ण नाव त्याने असंच लिहिलं. शिफ्ट नावाचं बटण कशासाठी असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. निबंध लिहून घेतला, पुढच्या रविवारी उघडायला सांगितला, तर सगळे बघतच राहिले. "सेव तो किया था." कुठे? "गॅलरी में होगा ना!" शोधलं तेव्हा नया, नया1, नया नया अशा नावांच्या अकरा फाइली सापडल्या. कुठली कुणाची, देव जाणे.

आणि हीच पोरं मोबाईलवर रील कापून, गाणं चिकटवून, वर टाकून मोकळी होतात, माझा चष्मा पुसून होईपर्यंत.

माझ्या हातात बोर्डाच्या परीक्षेआधीचे साधारण 20 रविवार आहेत. भाचा बंगळुरूला असतो, तो म्हणतो पायथन, म्हणजे कोडिंग शिकव. शेजारचे म्हणतात एक्सेल. बायको म्हणते आधी त्यांना पाणी विचारत जा. तुम्ही काय म्हणता?

सेव_परमल | रविवार, रात्री 9:52

वहिनींचं बरोबर आहे. पुढच्या रविवारी पोहे-जलेबी ठेवा, 22 चे 44 होतील.

पाऊणशहाणा | रविवार, रात्री 10:15

काका, आधी मशीनचं बघू. जुनी हार्ड डिस्क काढून 240 जीबीची एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) टाका, रॅम 4 जीबी असेल तर 8 करा आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती चढवा. विंडोज 7 असेल तर ते कधीच निकालात निघालंय, विंडोज 10 चा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लिनक्स फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी, आणि लिबरऑफिसमध्ये वर्ड-एक्सेलचं सगळं काम होतं.

शिकवायचं म्हणाल तर टायपिंग. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

गावठी_गणक | रविवार, रात्री 10:31

भिया, मी सिल्वर मॉलला याच धंद्यात आहे, म्हणून बोलतो. एसएसडीबद्दल पुण्याच्या साहेबांशी सहमत. लिनक्सबद्दल नाही. पोरगं उद्या एखाद्या दुकानात बिलिंगला बसेल, तिथे त्याला विंडोजच दिसणार. शिवाय आमच्या मध्य प्रदेशात सरकारी बाबू व्हायचं तर सीपीसीटी, म्हणजे कंप्यूटर-टायपिंगची परीक्षा द्यावी लागते. त्यात हिंदी टायपिंग मिनिटाला 20 शब्द आणि इंग्रजी 30. हिंदीला रेमिंग्टन किंवा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. फोनेटिकवर, म्हणजे रोमन अक्षरांतून हिंदी टाइप करायला शिकलेली पोरं तिथे जाऊन रडतात, मी बघितलंय.

काका, हिरवा पडदा घेऊन या. बहुतेक केबलची पिन वाकली असेल. पैसे घेणार नाही.

कान्हकाठ | रविवार, रात्री 10:40

गणकराव, उद्याच येतो!

निवांतपंत | सोमवार, सकाळी 7:05

अप्रिय बोलतो. ज्या मुलांना पाठ्यपुस्तकातला परिच्छेद धड वाचता येत नाही, त्यांच्यापुढे कंप्यूटर ठेवून काय साधणार? जगभर हा प्रयोग झालाय. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस निग्रोपोंटे यांनी 100 डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. पेरू देशाने ते लाखोंनी वाटले. मग 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, 2012 मध्ये निष्कर्ष आले. गणितात आणि भाषेत काही फरक पडला नव्हता. आपल्याकडे 2011 मध्ये सरकारच्या स्वस्त आकाश टॅबलेटचा केवढा गाजावाजा झाला. आज कुणाच्या घरी आहे, हात वर करा.

सेव_परमल | सोमवार, सकाळी 7:20

आमच्याकडे आहे. त्याच्यावर पोळ्या लाटून गार करायला ठेवतात.

लष्करची_लेक | सोमवार, सकाळी 8:48

पंत, पेरूचा दाखला बरोबर आहे, पण तिथे भर यंत्रं वाटण्यावर होता, ती वापरून शिकवायचं कसं याच्या तयारीवर नव्हता. इथे काका स्वतः बसतायत. दोन्ही एका मापाने कसं मोजणार?

मी ग्वाल्हेरला सरकारी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या लॅबला कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवडणुकीच्या कामावर असतात. असो. मला मुलींबद्दल बोलायचंय. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. जवळजवळ 90 टक्क्यांच्या घरात फोन होता आणि त्यांना तो वापरताही येत होता. पण ज्यांना वापरता येतो, त्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. म्हणजे मुलगी फोन बघते तो भावाचा. त्याने मागितला की द्यायचा. त्यात तिचं काहीच साठत नाही, खातं नाही, फोटो नाही, नोट्स नाहीत. काकांच्या वर्गातल्या मुलीला फाइल म्हणजे काय ते कळलं नाही, कारण ठेवून द्यावं असं तिच्या हातात आजवर काही आलंच नव्हतं.

पाऊणशहाणा | सोमवार, सकाळी 9:10

ती पाहणी ग्रामीण भागाची आहे ना? ही तर इंदूरच्या मधोमध असलेली वस्ती.

लष्करची_लेक | सोमवार, सकाळी 9:22

हो, ग्रामीणच. पण आमच्या शहरातल्या वर्गात हात वर करायला सांगितले तर चित्र फारसं निराळं नसतं. आणि तुम्ही काढलंतच म्हणून सांगते, 2017 ची प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना नावातच ग्रामीण होती. 20 तासांचा अभ्यासक्रम, घरटी एक जण. शहरातली वस्ती त्यात बसत नव्हती. या पोरांना ना गावाचं मिळालं, ना शहराचं.

तिखटजाळ | सोमवार, दुपारी 1:15

मी वेगळंच सांगते. मीही इंदूरचीच, सुदामा नगर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी अकरावीत आहे. तिची शिष्यवृत्ती अडकली. का, तर फॉर्म भरला होता ऑनलाइनच्या दुकानात. घरी फोन नव्हता म्हणून दुकानदाराने स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. ईमेलही त्यानेच बनवला, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. वर्षभराने ओटीपी मागितला तेव्हा तो गडी दुकान बंद करून गावी निघून गेलेला. समग्र आयडीला (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाला) नंबर तोच, शाळेच्या पोर्टलवर नंबर तोच. मी चार चकरा मारल्या. पोरीचा 9 आकडी समग्र नंबर मला पाठ झाला, अजून झोपेत म्हणून दाखवीन.

काका, पायथन-बियथन राहू द्या. त्यांचा ईमेल, त्यांचा पासवर्ड, त्यांच्या हाताने. एवढं झालं तरी पुष्कळ.

कान्हकाठ | सोमवार, दुपारी 2:02

ताई, तुम्ही दुखरी नस दाबलीत. आत्ताच मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं (गट म्हणजे नऊ फोन, बाकीची शेजारच्या फोनवर). 22 पैकी 17 जणांचे फॉर्म दुकानात भरलेले. ईमेल कुठला आहे हे चौघांना माहीत. पासवर्ड एकालाही नाही.

चिंतातुर_आई | सोमवार, दुपारी 3:30

त्या ईमेलइतकंच महत्त्वाचं, पैशाचं शिकवा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला, वय 17, कुणीतरी सांगितलं की तुझं बँक खातं आम्हाला वापरायला दे, महिन्याला दोन हजार देतो. पोराला वाटलं, भाड्याने सायकल द्यावी तसं. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरले आणि पोलीस दारात. वस्तीतली मुलं याला फार लवकर बळी पडतात, कारण दोन हजार ही त्यांच्यासाठी थट्टा नसते.

आणखी एक. यूपीआयने पैसे घेताना पिन लागत नाही, पिन लागतो तो देतानाच. हे एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. आणि ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा 1930 हा नंबर.

सेव_परमल | सोमवार, दुपारी 3:41

पहिलं वाक्य माझ्या सासरेबुवांनाही पाठवतो. ते बक्षीस 'स्वीकारायला' दोनदा पिन टाकून बसलेत.

निवांतपंत | सोमवार, सायंकाळी 5:12

हे पटलं. मी विरोध मागे घेत नाही, पण थोडा सरकवतो.

पाऊणशहाणा | सोमवार, सायंकाळी 6:00

पासवर्डचं शिकवाल तर नीट शिकवा. कुठेही लिहून ठेवू नका, कुणाला सांगू नका, ठिकाणागणिक वेगळा ठेवा.

तिखटजाळ | सोमवार, सायंकाळी 6:14

साहेब, लिहून ठेवायचं नाही म्हणजे दहावीच्या पोरीने सहा महिन्यांतून एकदा लागणारा पासवर्ड लक्षात ठेवायचा? ती विसरणार आणि परत त्याच दुकानात जाणार. तिला धोका रशियातल्या हॅकरचा नाही, विसरण्याचा आहे. वहीत लिहू दे. वही पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाशेजारी. त्या घरात याहून सुरक्षित जागा नाही.

पाऊणशहाणा | सोमवार, सायंकाळी 6:31

वही भावाच्या हाती लागली तर?

तिखटजाळ | सोमवार, सायंकाळी 6:33

फोन तर आधीच भावाच्या हातात आहे.

पाऊणशहाणा | सोमवार, सायंकाळी 6:50

बरं, मान्य. पण मग निदान पासवर्ड लांब असू दे. नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत: चिंच, बोगदा, मंगळवार, छत्री. लांबी महत्त्वाची, उगाच डॉलर-चांदणी घालून काही होत नाही. आणि सारखा बदलायला लावू नका, त्याने लोक शेवटी 1, 2, 3 जोडत बसतात.

बडोदेकर | सोमवार, रात्री 9:25

उशिरा आलो. आमच्या बडोद्याची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी 1893 मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि 1906 मध्ये राज्यभर लागू केलं. पण मुलं शाळा सोडून गेली की वाचलेलं विसरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि गावोगाव वाचनालयं उभारली. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. पेटी यायची, गाव वाचायचं, पेटी पुढे.

आज तशी पेटी करता येते. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कंप्यूटर घ्या, त्यावर किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचा प्रोग्रॅम) टाका. हिंदी विकिपीडिया अख्खा मावतो. कोलिब्रीही टाका, त्यात शाळेचे धडे आहेत. हॉलमध्ये इंटरनेट नसलं तरी सहाही मशीनला वायफायने मिळतं. डेटा पॅक संपायची भीती नाही, रील नाही.

सेव_परमल | सोमवार, रात्री 9:31

रील नाही म्हटल्यावर पोरं येतील का?

बडोदेकर | सोमवार, रात्री 9:34

पोह्यांचं तुम्ही बघता आहात ना.

लष्करची_लेक | सोमवार, रात्री 9:50

बडोदेकर, पेटी छान आहे, पण नुसती ठेवून देऊ नका. दिल्लीत कालकाजीला 1999 मध्ये सुगत मित्रांनी भिंतीत कंप्यूटर बसवला, मुलं आपापली शिकली, जगभर कौतुक झालं. पण आपापली म्हणजे कोण? माझ्या वर्गात मशीन मोकळं सोडलं की पाच मिनिटांत माउस दांडगट मुलांकडे आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. काका, तुमच्या चार मशीनवर माउस कुणाच्या हातात असतो, एकदा नुसतं मोजा.

गावठी_गणक | मंगळवार, दुपारी 12:20

काका येऊन गेले. केबलच होती. सहावा मॉनिटर आता गोरा झालाय.

बाकी 'कंप्यूटर' लिहायचं की 'संगणक', यावर अजून कुणी भांडलं नाही, याचं नवल वाटतंय.

निवांतपंत | मंगळवार, दुपारी 12:44

संगणकच. 'पडदा', 'टंकन', 'धारिका' हे शब्दही आहेत.

तिखटजाळ | मंगळवार, दुपारी 12:51

पंत, त्या पोरांना मराठीच येत नाही. ती हिंदी आणि माळवी बोलतात. धारिका म्हटलं तर शेजारच्या गल्लीतल्या ताईंचं नाव समजतील.

(यापुढचे संगणक-कंप्यूटर वादाचे 14 प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर बोलावे. – संपादक)

मिलवाल्याचा_नातू | मंगळवार, रात्री 11:08

पहिल्यांदाच लिहितोय. माझे आजोबा इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये होते. 1991 मध्ये मिल बंद पडली. कामगारांची देणी शेवटी डिसेंबर 2023 मध्ये मिळाली, 4,800 कामगारांचे 224 कोटी. आजोबा तोवर गेले होते, म्हणून वारसाचे कागद लागले. मी तेव्हा दहावीत. शेजारचे एक बँकवाले काका होते, त्यांनी मला फोनवरून कागद स्कॅन कसा करायचा, पीडीएफचं वजन 200 केबीच्या खाली कसं आणायचं आणि फाइलला नाव कसं द्यायचं, एवढंच शिकवलं होतं. आजोबांचे कागद मी केले, मग गल्लीतल्या आणखी सहा घरांचे केले. पैसे नाही घेतले, पण एका आजीने सुती साडीचा फेटा करून डोक्याला बांधला माझ्या.

आता मी बी.कॉम.ला आहे. दहावीला मला कुणी कोडिंग शिकवलं असतं तर तेव्हा त्याचं काय करायचं, मला कळलं नसतं.

चिंतातुर_आई | बुधवार, सकाळी 6:55

नातवा, डोळ्यांत पाणी आणलंस सकाळी सकाळी.

पाऊणशहाणा | बुधवार, सकाळी 9:30

छान लिहिलंयस. तरी एक सांगतो, 22 मधल्या एकाला तरी कोडिंग आवडेल आणि त्याला ते कळलंच नाही, असं होऊ नये. शेवटचे तीन रविवार स्क्रॅच (ठोकळे जोडून कोडिंग शिकवणारा प्रोग्रॅम) दाखवा. मांजर डावीकडून उजवीकडे चालवायचं, बस्स. ज्याला खाज सुटायची त्याला सुटेल. शिवाय आमच्या मध्य प्रदेशवाल्यांनी विसरू नये, बारावीला बोर्डात 75 टक्क्यांच्या वर गेलेल्यांना लॅपटॉपसाठी सरकार 25,000 देतं. तो हातात आल्यावर काय करायचं, हे आधी ठाऊक असलेलं बरं.

गावठी_गणक | बुधवार, सकाळी 9:44

"आमच्या मध्य प्रदेशवाल्यांनी"? साहेब, तुम्ही पुण्याचे ना?

पाऊणशहाणा | बुधवार, सकाळी 9:47

माहेर देवासचं. म्हणजे आईचं.

तिखटजाळ | बुधवार, सकाळी 10:20

काका, एक सुचवते, रागावू नका. तुमच्या भागातल्या ऑनलाइनच्या दुकानदारालाच वर्गात बोलवा. कुठला फॉर्म कुठे अडकतो, फोटोचं माप कुठे नाकारतात, सर्व्हर कधी मोकळा असतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

कान्हकाठ | बुधवार, सकाळी 11:05

ताई, त्याच्यामुळेच तर सगळा घोळ झाला ना! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायला सांगताय.

तिखटजाळ | बुधवार, सकाळी 11:12

तो चोर नाही हो. 30 रुपयांत फॉर्म भरतो, दिवसाला पन्नास जण रांगेत, प्रत्येकाला ईमेल समजावत बसला तर जेवेल कधी? माझा तो गावी गेलेला दुकानदारही वाईट नव्हता. घाईत होता.

कान्हकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 9:15

धागा वर काढतोय. मंडळी, हिशेब देतो.

पहिला रविवार ईमेलमध्येच गेला. @ कुठे आहे, यात 20 मिनिटं. शिफ्ट आणि 2 एकदम दाबायचं, हे सापडल्यावर एका मुलाने अख्खी ओळ @ ने भरली, त्याला थांबवलं नाही. ईमेल उघडताना फोन नंबर मागतात, तिथे सगळं अडलं. नऊच फोन. शेवटी ज्यांच्या आईकडे साधा फोन आहे, त्यांच्या आईचा नंबर टाकला. तरीही सहा मुलींचं राहिलंय. त्यांच्या घरचा एकमेव फोन बापाकडे असतो आणि बाप दिवसभर बाहेर. यावर कुणाला तोड सुचली तर सांगा, मला नाही सुचली.

वहीचं ताईंचं ऐकलं. एका मुलीने पासवर्डची वही बटाट्याच्या डब्यात ठेवली. म्हणाली, भाऊ स्वयंपाकघरात येतच नाही.

लष्करच्या ताई, माउस मोजला. पहिल्या तासात 60 पैकी 41 मिनिटं मुलग्यांच्या हातात, आणि मुलगे मुलींपेक्षा कमी आहेत! आता घड्याळ लावून पाळी ठेवली आहे. भांडणं वाढलीत, पण निदान दोन्ही बाजूंनी आहेत.

मागच्या रविवारी प्रत्येकाने गुणपत्रिका स्कॅन करून, 200 केबीच्या खाली आणून, स्वतःला मेल केली. फाइलचं नाव: नाव, वर्ग, साल. 'नया नया' बंद. 22 मधल्या 14 जणांची पोचली. एका मुलाने अख्खं पत्र विषयाच्या चौकटीतच लिहिलं आणि खालचा भाग कोरा ठेवला. मी विचारलं, तर म्हणाला, "काका, ऊपर वाला डिब्बा पहले दिखा."

आणि हो, दुकानदाराकडे गेलो होतो. दोन दिवस मनात घोळवलं, मग गेलो. सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "अंकल, आप तो मेरा धंदा बंद करवाओगे." मग थोडा वेळ प्रिंटर दुरुस्त करत राहिला. मग म्हणाला, निम्मे लोक पासवर्ड विसरूनच येतात, त्यांच्याकडून त्याला पैसे मागवत नाहीत आणि वेळ जातो तो जातोच. पुढच्या रविवारी येतो म्हणालाय, तीननंतर, दुकानाला शटर लावून. फोटोचं आणि सहीचं माप तो शिकवणार आहे.

तिखटजाळ | रविवार, रात्री 9:21

😊

गावठी_गणक | रविवार, रात्री 9:30

सहा मुलींचं बघू. एक जुना कीपॅडवाला फोन पडलाय माझ्याकडे, सिम घालून हॉलमध्येच ठेवता येईल का? पण मग तो नंबर परत तुमचाच होईल काका, आणि तुम्ही गावी गेलात की संपलं. नाही, हे नको. विचार करतो.

सेव_परमल | रविवार, रात्री 9:33

दुकानदार येणार म्हणजे 23 पोहे. मी पाठवतो, जीरावण वेगळं.